त्याचं तोंड कुणीकडं?

सुभेदार आबांचं नाव पहिल्या ओळीत आलं नाही तर पुढचं लिहायला माझा हात धजणार नाही. आनंदराव हे त्यांचं खरं नाव, पण कुपवाडच्या आमच्या कारखान्यात ते फक्त हजेरीपटावर होतं. सगळे त्यांना सुभेदार म्हणत आणि आम्ही बायका सुभेदार आबा. सातारा जिल्ह्यातलं उसाच्या रानातलं गाव त्यांचं. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या फाउंड्रीच्या गेटवर टाइमकीपर म्हणून आले होते. माझ्या नावावर आज गोष्टींची दोन पुस्तकं आहेत. नववीत शाळा सोडलेल्या बाईच्या नावावर पुस्तकं कशी, असं विचारायला कुणीतरी एक दिवस दारात येईल आणि दाखला मागेल, ही धास्ती पंचेचाळिशी उलटली तरी गेलेली नाही. आला कुणी तर मी त्याला आबांचं नाव सांगणार. गोष्ट कशी रचायची हे मला त्यांनी शिकवलं, आणि तेही वाळूच्या ढिगावर, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन उरलेल्या वेळात.

मी जत तालुक्यातली. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात आणि बापाला अप्पा. शाळा सुटल्यावर मी नागूमावशीकडे कुपवाडला आले. का आले ते पुढं येईल, ते लिहायलाच तर बसले आहे. मावशी नवऱ्यामागं एकटी, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि दोन खानावळींना भाकऱ्या थापून द्यायची. पहाटे मला जाग यायची ती परातीतल्या थापांनी. थप थप थप, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, मग परत थप थप. त्या घरात ज्वारीच्या पिठाची पांढरी पूड देवाच्या फोटोवरसुद्धा बसलेली असायची. मावशीचं तोंड हाताइतकंच चालायचं. "म्हादे, ऊठ गं. जतचा टँकर न्हाई हितं, नळ जाईल निघून." मी उठून पाणी भरायची, मावशीनं थापलेल्या गठ्ठ्यातल्या जरा वाकड्या झालेल्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घ्यायची आणि चालत कारखाना गाठायची. शेजारून दुचाक्यांचे लोंढे जात. मला त्या गावात कुणी ओळखत नव्हतं, आणि तेव्हा तेच मला बरं वाटायचं.

मी कोअर शॉपमध्ये होते. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठलाही लोखंडी भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी करावा लागतो. त्याला कोअर म्हणायचं. साच्यात तो गाभा ठेवतात, भोवतीनं वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात, रस गार झाला की गाभा फोडून झाडून टाकतात. राहते ती पोकळी. ते गाभे करणं हे आम्हा बायकांचं काम. वाळूत मोलॅसिस, म्हणजे उसाची मळी, कालवलेलं असायचं, त्यामुळं भट्टीपाशी गुऱ्हाळावर आल्यासारखा वास यायचा. दिवसभर खपून केलेली वस्तू शेवटी मोडण्यासाठीच आहे, हे मला सुरुवातीला फार लागायचं. कडा नीट घासून, फुंकर मारून ठेवलेला गाभा दुसऱ्या दिवशी भुगा होऊन परत ढिगावर यायचा.

लिहायची खोड मला तिथंच लागली. वापरून झालेली जॉब कार्डं रद्दीत जायची, त्यांची पाठ कोरी असायची. मी ती उचलायची आणि भट्टी तापेपर्यंत त्यावर काहीबाही लिहायची. लपवून. घरी नेताना पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली. आता, आमच्याकडे सुटताना गेटवर पिशव्या तपासायचे, कुणी पितळेचा तुकडा नेऊ नये म्हणून. एका संध्याकाळी नेहमीचा वॉचमन नव्हता आणि आबांनी स्वतः पिशवी उघडली. फडक्याखालून तीसेक कार्डं निघाली. कंपनीचा कागद बाहेर नेला म्हणून काढून टाकतील, मग जायचं कुठं? जतला तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

आबांनी चष्मा लावला. उभ्याउभ्या चार कार्डं वाचली. मागं बायकांची रांग खोळंबली, कुणीतरी म्हणालं, "आवं सुभेदार, तिचं लगीन जमवताय का काय?" त्यांनी मान वर केली नाही. पाचवं कार्ड वाचून झाल्यावर मला विचारलं, "ह्या दोन जावा टँकरपाशी भांडायल्यात. बराबर?"

"व्हय आबा. चुकलं माझं. परत न्हाई नेणार."

"नेण्याचं न्हाई ईचारत मी. ह्या कुठं उभ्या हायत ते ईचारतोय."

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "टँकरपाशी."

"टँकर केवढा लांबलचक आसतो. पाइपाकडं का तोंडाकडं? मधी कोन हाय? थोरलीच्या हातात घागर भरलेली हाय का रिकामी? भांडन लय झ्याक लिवलंयस गं पोरी, पन तुझी मानसं हवेत उभी हायत. उद्या जेवनाच्या सुट्टीत ये मागल्या ढिगावर."

दुसऱ्या दिवशी मी गेले. भीत भीतच, आणि एकटी नको म्हणून शॉपमधल्या शेवंताला बरोबर घेऊन. आबा आधीच उकिडवे बसून वाळू सारखी करत होते. फौजेत कुठलीही चढाई करायच्या आधी जमिनीवर वाळूचा नकाशा करतात म्हणे, टेकडी, नाला, झाडं, सगळं जसंच्या तसं, आणि जवानांना भोवती बसवून कोण कुठून जाणार ते दाखवतात. सँड मॉडेल म्हणायचे ते त्याला. त्यांनी विटेचा तुकडा टँकर म्हणून ठेवला आणि खिशातून वायसर काढले. नटाखाली घालतात त्या लोखंडी चकत्या. प्रत्येक वायसरच्या कडेला त्यांनी कानशीनं एक खाच पाडून आणली होती.

"ही खाच म्हंजे तोंड," ते म्हणाले. "मानूस कुठं हाय एवढं सांगून भागत न्हाई. त्याचं तोंड कुणीकडं हाय ते सांग. म्हंजे त्याला काय दिसतंय आनि काय दिसत न्हाई ते आपसूक कळतं. आर्धी लढाई तितंच हाय."

मी थोरल्या जावेचा वायसर पाइपापाशी ठेवला, धाकटीचा तिच्या मागं. दोघींची तोंडं पाइपाकडे. मग एकदम लक्षात आलं की मी लिहिलं होतं, 'धाकटीनं तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं.' पाठीमागून डोळ्यांत कसं बघणार? शेवंता फिस्सकन हसली. "हिच्या धाकटीला मानंत डोळं हायत!" मी लाजेनं मेले, पण थोरलीचा वायसर फिरवला, आणि ती फिरली तशी पाइपाखालची तिची घागर तिच्या पाठीमागं गेली. आता घागर कोण सरकवणार? भांडण मी लिहिलं होतं त्यापेक्षा निराळंच चालू झालं, आणि ते मला नुसतं बघत बसावं लागलं.

त्यानंतर पावसाळाभर हेच. आबा शिकलेले म्हणाल तर जुनी मॅट्रिक, गोष्टी त्यांनी स्वतः कधी लिहिल्या नाहीत. पण फौजेत हुकूम देताना जे सांगतात तेच ते मला विचारायचे. जमीन कशी आहे. समोर कोण आहे. तुझ्या माणसाला हवंय काय. आणि वेळ किती उरलाय. "टायम न सांगता कुनाला पळवू नगंस," म्हणायचे. "मानूस उगंच पळत न्हाई." कधी मी सकाळी उठण्यापासून सुरुवात केलेली असायची, चहा, अंघोळ, रस्ता, ते वाळूवर बोटानं लांब रेघ ओढायचे आणि अर्धी पुसून टाकायचे. "फौज घरातनं निघाल्यापास्नं गोष्ट सांगत न्हाई. पयला आडथळा लागला तितनं सांगती." मी घरी जाऊन ते पुन्हा लिहायची आणि मावशीला वाचून दाखवायची. मावशी भाकरी थापत ऐकायची. तिच्याकडे एकच माप होतं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. गोष्ट चांगली झाली की तिच्या थापांचा ठेका चुकायचा. पूर्ण हात थांबला तर मी त्या जागेवर पेनानं टिंब द्यायची. पहिल्या चार महिन्यांत माझ्या वहीत तीन टिंबं होती.

एकदाच आबांनी स्वतःचं काही मांडलं. त्या दिवशी माझ्याकडे गोष्ट नव्हती, तर ते आपणहून वाळूची एक उतरण करू लागले. वर दोन खडे, खाली नाल्याची रेघ. तीन वायसर ठेवले. पहिल्याची खाच वर केली. दुसऱ्याची नाल्याकडे. तिसरा हातात धरून बराच वेळ फिरवत राहिले, या बाजूला, त्या बाजूला. मग तळहातानं सगळं सपाट केलं आणि म्हणाले, "चला, भोंगा हुईल." मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच सुमाराला साताऱ्याच्या एका वाचनालयानं कामकऱ्यांकडून गोष्टी मागवल्या. निवडलेल्या गोष्टी ज्यानं त्यानं साताऱ्याला येऊन लोकांपुढं वाचायच्या, आणि त्यातल्या एकीला बक्षीस. आबांना गावाकडून कळलं. त्यांनी मला विचारलंही नाही, नुसतं सांगितलं, "पुढल्या शुक्रवारी पाठवायची. टँकर नगं. जी लिवायला तू भितीस ती लिव."

ती एकच होती.

मी चौदा वर्षांची असताना, दुष्काळी साल होतं तेव्हा, सुट्टीच्या दिवशी मी मेंढरांबरोबर होते. हातात शाळेच्या पेटीतलं गोष्टीचं पुस्तक. बाभळीखाली बसून वाचत होते. समोर कापलेल्या ज्वारीचं रान होतं, बुडख्यांना परत फुटवे आलेले. पाण्याचा ताण बसलेल्या अशा फुटव्यांत विष असतं, आमच्याकडे त्याला किराळ म्हणतात, आणि मेंढराच्या पोटात ते गेलं की तासाभरात खेळ संपतो. आमची मेंढरं त्या रानात शिरली. माझ्या आठवणीत अप्पा ती बाहेर काढायला धावले होते. नऊ मेली. तोंडाला फेस, पोटं टम्म. वाड्यावरची, म्हणजे आमच्याबरोबर उतरलेली सगळी बिऱ्हाडं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "हे झालं कसं गा?" अप्पांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुस्तकानं मेंढरं खाल्ली."

एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. मला शाळेत जाऊ नको असंही कुणी म्हटलं नाही. मीच गेले नाही. पुस्तक तसंच पेटीत परत टाकायला अव्वाला पाठवलं. पुढं घरात माझ्याशी कुणी वाकडं वागलं नाही, पण मेंढरं मोजताना अप्पा माझ्यासमोर मोजायचे नाहीत. ते सहन होईना म्हणून मावशीकडे यायचं मीच काढलं. सहा वर्षं झाली होती. मी नऊ जीव घेतले आहेत, या समजुतीवर मी उठत होते, जेवत होते, गाभे भरत होते.

मी ती गोष्ट लिहिली. कार्डांच्या अठ्ठावीस पाठी भरल्या. मावशीला वाचून दाखवायची हिंमत झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत आबांनी ती वाचली, शेवंताला पाणी आणायला पाठवलं आणि वाळू सारखी केली. बाभूळ म्हणून काडी रोवली. रानाचा चौकोन आखला.

"हितं तू. तोंड कुणीकडं?"

"उगवतीकडं. ऊन पाठीवर हुतं."

"म्हंजे रान तुझ्या म्होरं. मेंढरं?"

मी बाजरीएवढे खडे ओतले, रानात. आबांनी कार्डावर बोट ठेवून माझंच वाक्य वाचलं. "'मान वर केली तर मेंढरं ओळीनं वावरात शिरत होती.' ओळीनं?"

"व्हय."

"चुकार मेंढरं ओळीनं जात्यात व्हय?"

चुकार मेंढरं ओळीनं जात नाहीत. ती पांगतात, जिथं तोंड पोचेल तिथं. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. आबांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं, ते फक्त प्लॅटूनचा विचार करत होते. मी खडे बोटानं ओळीत लावले.

"फुडं वाचतो. 'पार पुढं अप्पांच्या पाठीवरची घोंगडी काळ्या चौकोनासारखी दिसत होती.'" त्यांनी एक वायसर माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्या अप्पाला."

मी तो ओळीच्या पुढं ठेवला, रानाच्या पलीकडच्या बांधापाशी.

"तोंड कुणीकडं?"

घोंगडी दिसत होती. म्हणजे पाठ दिसत होती. मला पाठ, मेंढरांना पाठ. मी खाच उगवतीकडे केली आणि हात मागं घेतला. आबा हळू आवाजात म्हणाले, "मेंढरं भाईर काडायला धावलेल्या मानसाचं तोंड मेंढरांकडं आसंल का पाठ?"

आमच्यात मेंढरं हाकणारा मागं असतो आणि बोलावून नेणारा पुढं. पाठ करून, हाळी घालत. आणि तेव्हा, सहा वर्षांनी, त्या वाळूच्या ढिगावर मला अप्पांची हाळी ऐकू आली. पुस्तक वाचताना ती माझ्या कानावर येत होती. ती येत होती म्हणूनच मी निवांत वाचत होते. अप्पा आहेत ना मेंढरांपाशी. मग ते एक वाक्य आलं, सगळ्यांसमोर, आणि त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सगळं पुसून आपलं चित्र लावलं. पण हात विसरला नव्हता. लिहिताना त्यानं ओळ लिहिली आणि घोंगडी लिहिली.

मी रडले नाही. मला एवढंच आठवतं की मी म्हणाले, "आबा, तुमी म्हनताय माझा बाप खोटारडा हाय?"

"मी काय म्हनत न्हाई. मी हुतो का तितं?" ते वाळू झटकत उठले. "पन ही गोष्ट अशी उभी ऱ्हात न्हाई. एक तर त्याचं तोंड फिरीव. एका शब्दाचं काम हाय, वाचनाऱ्याला कळनार बी न्हाई. न्हाईतर जाऊन ईचार. शुक्रवार लांब न्हाई."

त्या संध्याकाळी मी तोंड फिरवून बघितलं. घोंगडी काढली, 'अप्पांचा घाबरलेला चेहरा' लिहिला. मावशीला वाचून दाखवलं. थप थप थप. एकदाही चुकलं नाही. मग न ठरवता मी मूळचं वाक्य वाचलं, घोंगडीचं. मावशीचा हात परातीवर थांबला. भाकरी तिच्या तळव्याला तशीच चिकटून राहिली. मग ती म्हणाली, "म्हादे, सुट्टी कवा हाय तुला?"

सुट्टीच्या दिवशी सकाळची एस्टी धरली. मिरजेवरून, कवठे महांकाळवरून, पुढं जतकडे. हिरवं मागं पडत गेलं. दोनदा वाटलं उतरावं आणि परतीची गाडी धरावी. मी भित्रीच आहे, तेव्हाही होते. पण मांडीवर डब्यात आबांकडून मागून घेतलेले वायसर होते आणि ते खडखडत होते. मी डबा घट्ट धरून ठेवला आणि उतरले नाही.

घरी पोचले तेव्हा दुपार कलायला अवकाश होता. अव्वा चुलीपाशी, हुलग्याचं माडगं शिजत होतं, त्याचा तो खरपूस वास. अप्पा अंगणात बसून चातीवर लोकर कातत होते. मला बघून म्हणाले, "अशी आवचित? बरं हाय न्हवं?" मी बरं हाय म्हटलं, पाणी प्याले आणि त्यांच्यासमोर मातीत बसले. बोलून विचारणं मला जमलं नसतं. शब्द निघायच्या आधी मी मोडले असते. म्हणून मी तेच केलं जे मला येत होतं. माती सारखी केली. काडी रोवली. चौकोन आखला. खडे ओतले, पांगलेले. आणि वायसर काढले.

"हे काय गं?"

"अप्पा, मी गोष्टी लिवते. कारखान्यात एक सुभेदार हायत, ते शिकवत्यात. त्यातली एक आडलीया. ही मी, बाभळीबुडी. ही खाच म्हंजे तोंड. ही मेंढरं." मी दुसरा वायसर त्यांच्यापुढं मातीवर ठेवला, चौकोनाच्या बाहेर. "हे तुमी. तुमी कुठं हुता तेवढं ठेवा."

चातीचा दोरा थांबला. चुलीपाशी माडगं ढवळणारा अव्वाचा चमचाही. तिला माहीत होतं का हे मी तिला कधी विचारलं नाही. अप्पांनी वायसर उचलला. त्यांचा अंगठा त्या खाचेवर दोन-तीनदा फिरला. मला वाटलं आता ते उठून जातील. ते पुढं वाकले, आणि आधी त्यांनी माझे खडे एकेक करून ओळीत लावले. सगळे. मग वायसर ओळीच्या पुढं ठेवला आणि खाच उगवतीकडे केली.

"हितं हुतो," ते म्हणाले.

मग ते मातीकडे बघूनच सांगायला लागले. रानाच्या मालकानं मेंढरं बसवायला सांगितलं होतं, खत पडावं म्हणून. चार दिवस जनावरांच्या पोटात काही नव्हतं. "फुटवं गुडघ्याला लागत हुतं. मला वाटलं, मोठं झालंय, इख उतरलं आसंल. पान्याचा ताण ध्यानात आला न्हाई. ज्याचं आयुक्ष मेंढरात गेलं त्याच्या ध्यानात आलं न्हाई!" त्यांनी मान हलवली. "समदा वाडा बघत हुता. तुझ्या हातात ते पुस्तक दिसलं आन् तोंडातनं गेलं. उद्या सांगू म्हनलं. उद्याचा परवा झाला. मग तू शाळंत जाईनाशी झालीस, आन् मग तर कुठल्या तोंडानं सांगू?"

मी काय म्हणाले असेन? किती मोठं वाक्य म्हणायचं मनात घोळवत आले होते. सहा वर्षं, अप्पा. माझी नववी, अप्पा. राग नव्हता असं नाही. तो पुढं पुष्कळ दिवस पुरला, मधूनच गाभा भरायचा साचा, कोअर बॉक्स, जोरात आपटायची मी. पण त्या क्षणी मला ते मातीत वाकलेलं पागोटं दिसत होतं आणि ओळीत लावलेले खडे. अव्वा म्हणाली, "म्हादे, माडगं पी. गार हुतंय." मी प्यायले. जीभ पोळली.

निघताना मी म्हटलं, "अप्पा, ही गोष्ट साताऱ्याला पाच मानसांत वाचायची हाय. तुमी नगं म्हनला तर न्हाई पाठवत."

ते लोकरीची गुंडी चिवडत राहिले. "नावं बदल," म्हणाले. "आन् वळ मोडू नगंस. मेंढरं वळीनंच जाऊ देत."

परतीच्या गाडीत मी शेवटचं पान मनात लिहिलं, आणि ते आबांनी नव्हे, कोअर शॉपनं शिकवलं. अप्पांची कबुली मी गोष्टीत घातली नाही. तिच्या भोवतीनं सगळं ओतलं, बाभूळ, ऊन, हाळी, ओळ, घोंगडी, ते एक वाक्य. आणि मग ती झाडून काढली. गोष्टीत मुलगी शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहते. आजही नवी मुलं विचारतात की काकू, गोष्टीत काय सांगावं, तेव्हा मला सांगता येतं ते इतकंच, की काय सांगायचं नाही ते आधी नीट घडवा, कडा घासून घडवा, तरच त्याची जागा शिल्लक राहते. शुक्रवारी सकाळी आबांनी स्वतः पाकीट टपालात टाकलं.

गोष्ट निवडली गेली. साताऱ्याला वाचलं तेव्हा मी इतक्या घाईनं सुटले की पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या आबांनी दोन बोटं जमिनीकडे केली. सावकाश, असा फौजेतला इशारा. मी सावकाश वाचलं. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण उतरताना जिन्यापाशी एक म्हातारा थांबला होता. पागोटं, खांद्यावर घोंगडी, माण तालुक्याकडचा असावा. त्यानं मला जवळ बोलावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "लेकी, बापच म्होरं हुता न्हवं?"

मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो मान डोलावून निघून गेला. मागं आबा उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "आता मला शिकवायला काय उरलं न्हाई."

उरलं आहे, आबा. मी विसरलेले नाही. तुम्ही आता गावी असता, फोनवर आवाज खोल गेलेला कळतो, तरी पहिलं वाक्य तेच असतं, "काय म्हादेवी, तोंड कुणीकडं?" तुमचे वायसर माझ्या टेबलावर त्याच डब्यात आहेत. गंज चढू नये म्हणून मी त्यांना तेलाचं बोट लावते. ती उतरण, वरचे दोन खडे, नाल्याची रेघ मला पाठ आहे, दोन वायसरांच्या खाचाही. तुम्ही माझी गोष्ट उभी करून दिलीत आणि तुमची तळहातानं सपाट करून ठेवलीत. मी येणार आहे. कोअर शॉपमधली वाळू पिशवीत बांधून आणीन, तुमच्या अंगणात सारखी करीन, आणि तिसरा वायसर तुमच्या हातात देईन. बोलायचं नसेल तर बोलू नका. अप्पा तरी कुठं आधी बोलले होते? त्याचं तोंड कुणीकडं होतं तेवढं फिरवून दाखवा. तुमची गोष्ट मी लिहीन, आणि ती हवेत उभी राहणार नाही.